गावपळणीतली पावलं

माझे बाबा चालतात तेव्हा तीन आवाज होतात. उजवा पाय, मग चिव्याच्या बांबूची काठी, मग ओढत आलेला डावा पाय. गुडघा गेल्यापासून गेली नऊ वर्षं हेच चाललंय. अंगणात कोण आलं हे बघायला मला मान वर करावी लागत नाही, आणि गावातही कुणाला लागत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या तीन आवाजांवर उभं आहे.

मी रसिका गुरव. कोंडशीळची सरपंच, आणि ही माझी दुसरी खेप. गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी, तीन वाड्या, सहाशे चाळीस माणसं, आणि मनात आलं तर दोनदा येणारी एसटी. गावाच्या डोक्यावर साडेचारशे मीटर उंचीवर मोठा सडा आहे. कातळाचा, उघडा, पावसाळ्यात फुलांनी भरलेला आणि एरवी उन्हात तापणारा. वरून बघणाऱ्याला तो ओसाड वाटतो. सरकारी कागदांतही त्याला ‘पडीक’च म्हटलंय. बाबा रवळनाथाच्या देवळाचे गुरव. पूजा त्यांची आणि कौल लावणंही त्यांचंच. पाषाणावर फुलांच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोल्हापुरात भूशास्त्र शिकून आलेल्या पोरीला हे कसं पटतं, असं लोक मला विचारत. मी म्हणायची, मला पटायची गरज नाही. बाबा खोटं बोलत नाहीत एवढं मला पुरतं.

आता कानवेलीबद्दल सांगायला हवं.

पूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीत इंटरनेटसाठी काचेच्या तंतूची केबल टाकली होती. पुढे इंटरनेट वरून, आकाशातून येऊ लागलं आणि या केबली जमिनीत तशाच पडून राहिल्या. अशा केबलीत एका टोकाने लेझरचा झोत सोडला तर काचेतल्या बारीकसारीक दोषांवरून थोडा प्रकाश मागे परततो. केबलीच्या आसपासची जमीन हलली, अगदी केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली, तरी परतणारा प्रकाश बदलतो. सेकंदाला हजार झोत सोडले की केबलीचा मीटर न् मीटर कान होतो. माणूस चालला, बैल उधळला, दरड सरकली, सगळं कळतं. आणि बरीच वर्षं शांतपणे ऐकलं तर कातळाच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्याची गुणगुणही वेगळी काढता येते.

आमच्या गावात हे आणलं सारंग बर्वे यांनी. ते तेव्हा विद्यापीठात होते. दोन वर्षं आमच्या पडवीत झोपले, बाबांना काका म्हणत, आमच्याकडची कुळथाची पिठी तीनदा मागून घेत. जुनी केबल देवळापासून पंचायतीपर्यंत होती. आम्ही ती सड्यावर नेली आणि सहा बोअरमध्ये खोल सोडली. अकरा किलोमीटर कान. गावाने तिला नाव दिलं कानवेल. तिची सगळी नोंद ग्रामपंचायतीच्या मालकीची असेल आणि सरपंचाच्या अंगठ्याशिवाय बाहेर जाणार नाही, असा ठरावही आम्ही तेव्हाच केला. त्यातून जे कळलं ते गावाचं नशीब होतं. देवाच्या तळीत बारा महिने झिरपणारं पाणी, ज्यावर तिन्ही वाड्या जगतात, ते सड्यावरच्या पावसाचं होतं. पडीक म्हणतात त्या कातळात पाऊस मुरतो, आत सात ते आठ महिने उतरत राहतो आणि वैशाखात आमच्या हंड्यात येतो.

मग कंपनी आली. उदंचन जलविद्युत प्रकल्प. सोप्या भाषेत सांगायचं तर एक तलाव वर सड्यावर, एक खाली दरीत, आणि मध्ये बोगदा. दुपारी सौर विजेचा पूर येतो, ती वापरायला कुणी नसतं, तेव्हा त्या विजेने खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी सूर्य गेला आणि शहरांत दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज परत काढायची. पाण्याचीच बॅटरी म्हणा. कल्पना वाईट नाही. मी स्वतः सौर कंदिलात अभ्यास केलेली, विजेची किंमत मला कुणी शिकवू नये. फक्त वरच्या तलावातून पाणी पाझरू नये म्हणून त्याच्या तळाला ऐंशी हेक्टरभर जाड प्लास्टिकचं अस्तर घालतात. सड्याचं तोंडच बंद केल्यासारखं होतं ते. आणि कंपनीच्या भूगर्भ विभागाचे प्रमुख म्हणून गाडीतून उतरले ते सारंग बर्वे.

ग्रामसभेत निम्मे लोक सरळ नको म्हणत होते. निम्म्यांना रस्ता, दवाखाना, नोकऱ्या दिसत होत्या. मी शहाणपणा केला. म्हटलं, अभ्यासाशिवाय नको नाही आणि हो नाही. पाण्याचा पूर्ण अहवाल मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवावा, असा ठराव आम्ही एकमताने केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्वेही वाजवत होते, हे मला नंतर आठवलं. नोटीस चैत्रात येईल असं त्यांनीच सांगितलं होतं.

पौषात गावपळण आली.

दरवर्षी पौषात देवाच्या हुकमाने सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कड्या घालायच्या, चुली विझवायच्या आणि वेशीपलीकडच्या माळावर झोपड्या बांधून राहायचं. गाव देवासाठी मोकळं सोडायचं. दिवा आत ठेवायचा नाही आणि बाहेर न्यायचाही नाही. मोबाइल हाही दिवाच, असं दहा वर्षांपूर्वी ग्रामसभेनेच ठरवलं, तेव्हापासून फोनही घरात बंद करून ठेवतो. पोरं आधी कुरकुरली, आता तीच सगळ्यांत खूश असतात. तिसऱ्या दिवशी गुरव एकटा वेशीत शिरतो, देवळात कौल लावतो. होकार आला तर गाव परततं. नकार आला तर पाचव्या दिवशी, नाहीतर सातव्या. माझ्या आठवणीत पाचव्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी बाबा परत आले आणि नुसती मान हलवली. पाचव्या दिवशीही तेच. माळावर भजनं चालू होती, तांदूळ कमी पडत चालले होते, उपसरपंच दाजी नवले पत्त्यांत हरून सगळ्यांच्या शिव्या खात होते. कुणाच्या मनात काही आलं नाही. मला वाटलं, बाबा थकलेत. मी त्यांचे पाय चेपून दिले.

सहाव्या दिवशी सकाळी इंगळे भाऊसाहेब रस्त्याने चालत येताना दिसले. हे आमचे ग्रामपंचायत अधिकारी, मूळचे लातूरचे. गावपळणीत कार्यालय बंद म्हणून ते रजेवर जातात. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मॅडम, तालुक्यात सहज कळलं. कंपनीनं नोटीस लावली आहे. पंचायतीच्या फलकावर, पाच दिवसांपूर्वी.”

“चैत्रात येणार होती ना?”

“नव्या कायद्यानं सात दिवस फलकावर राहिली आणि हरकत आली नाही, तर संमती धरतात. उद्या पाचला मुदत संपते. आपला ठराव तर निर्णय राखून ठेवल्याचा आहे. ती काही हरकत होत नाही. हरकत कार्यालयातल्या यंत्रावर सरपंचाच्या अंगठ्यानंच नोंदवायची आहे. आज चला.”

मी उठले आणि वेशीपर्यंत गेले. वेशीच्या दगडाजवळ उभं राहिलं की पंचायतीचं निळं छप्पर दिसतं. चालत गेलं तर दहा मिनिटं. माझ्यामागे दाजी आले, चार मानकरी आले, बाया आल्या. कुणी मला अडवलं नाही. ते नुसते बघत होते. मी बाबांकडे बघितलं.

“बाबा, मी जाऊन येव?”

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, “देवान कौल देवक नाय, बाय. तू सरपंच. तूच मोडलंस तर मगे कोण पाळतला?”

आत शिरायच्या तयारीने मी चप्पल वेशीच्या अलीकडेच काढून ठेवली होती, ती परत घातली आणि मागे फिरले. इंगळे डोक्याला हात लावून बसले. त्यांना मी सांगितलं की उद्या कौल मिळेल, आपण पाचच्या आत पोहोचू. गावाने मला शाबासकी दिली. एका म्हातारीने माझ्यावरून बोटं मोडली.

सातव्या दिवशी दुपारी बाबा आले आणि म्हणाले, “कौल दिल्यान. पण दिवेलागणीक आत जावचा.” पाचची वेळ तोवर टळून गेलेली असणार होती, पण देवाचा शब्द मोडायचा नव्हता.

दिवेलागणीला आम्ही गुरं पुढे घालून वाजतगाजत गावात शिरलो. मी धावत पंचायतीत गेले. यंत्राच्या पडद्यावर एकच ओळ होती. ‘ग्रामपंचायतीची हरकत नाही असे गृहीत धरण्यात आले आहे.’

गावपळणीनंतर दरवर्षी मी कानवेलीची नोंद ऐकायची. वर्षातून तेवढेच दिवस जमिनीवर एक पाऊल पडत नाही, एक पंप चालत नाही, तेव्हा कातळातलं पाणी स्वच्छ ऐकू येतं. हे मीच एकदा बर्वेंना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. गाव रिकामं असताना तळीतली चिंबोरी चालली तरी कळते, म्हटलं होतं मी. त्या वर्षीची नोंद मी दोन दिवसांनी उघडली, खरं तर मन दुसरीकडे लावायला. पाण्याची गुणगुण शोधायची म्हणून आधी पावलं वेगळी काढत होते.

पहिला दिवस, सकाळचे साडेनऊ. गाव गेल्यानंतर देवळातला दिवा विझवून शेवटी गुरव निघतो, म्हणजे ते तीन आवाज असणारच होते. ते होते. पण ते वेशीकडे न जाता पंचायतीच्या ओट्यावर आले. तिथे बुटांची आणखी दोन पावलं होती. चार मिनिटं दोघे फलकासमोर उभे होते.

तिसरा दिवस. उजवा पाय, काठी, डावा पाय. वेशीपासून दोन वाटा फुटतात तिथवर, कुंभ्याच्या झाडाखाली. डावी वाट देवळाला, उजवी पंचायतीला. तीन आवाज झाडाखाली थांबले. चाळीस मिनिटं काही नाही. मग तेच तीन आवाज परत वेशीकडे. देवळाच्या वाटेवर मुंगीसुद्धा नव्हती. पाचव्या दिवशीही तेच, सातव्या दिवशीही तेच.

कौल लागलाच नव्हता. देवाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी तो तुकडा अकरा वेळा ऐकला. अकराव्यांदा ऐकताना मला वेशीवर काढलेली चप्पल आठवली आणि इतका संताप आला की कानावरची यंत्रं मी भिंतीवर फेकली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात. इथे तर देवळानेच गाव खाल्लं होतं, आणि त्या देवळाची मी लेक.

बाबा मागच्या दारी देवाची समई चिंचेने घासत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, “कुंभ्याखाली बसून काय केल्यात तुमी? चाळीस मिनटां?”

त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने बोलायला हवं.

“बर्वे बोल्लो, काका, वर तळा झाला की ता पाझरतला, मगे खालची तळी कधी सुकाची नाय. तुज्या हंड्यात बारमास पाणी. बोल्लो, रसिका हुशार आसा, पण ती कागदात अडाकतली. फक्त सात दिस गाव भायर रवांदेत.”

“तळाक प्लास्टिक घालतत बाबा. थेंब पाझराचो नाय. उलट सड्यार पडता तोय पाऊस आत जावचो नाय.”

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. ग्रामसभेत पडद्यावर आकृत्या दाखवल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसलेल्या बापाला वेगळं बसून समजवावं असं मला सुचलं नव्हतं.

“माज्या घरात जेवलो तो,” बाबा म्हणाले.

“आणि देवाक कित्याक नाय विचारल्यात? एवढा खरा वाटत होता तर देवळात जावचा होता.”

“माका भय वाटला. देवान घराक जावा म्हटल्यान असता तर? मगे मी काय करूचा होता?”

मी त्यांना वाटेल ते बोलले. ते इथे लिहिणार नाही. गेलेल्या आईचं नाव काढलं, एवढं सांगते, आणि ते काढायला नको होतं.

इंगळ्यांनी तोवर कायद्यातली एक वाट शोधून काढली होती. गावाची रूढी जिल्ह्याच्या दप्तरात नोंदवलेली असेल, आणि त्या रूढीमुळे गाव वेशीबाहेर असेल, तर ते दिवस मुदतीत धरायचे नाहीत. आमची गावपळण नोंदवलेली होती. नोटीस पुन्हा लागेल, पुन्हा सात दिवस मिळतील. मात्र रूढी नोंदीत लिहिल्याप्रमाणेच पाळलेली असली पाहिजे. नोंदीत लिहिलं होतं, ‘तिसऱ्या, पाचव्या व सातव्या दिवशी गुरवाने कौल घेऊन’.

“म्हणजे कौल घेतला नसेल तर?” मी विचारलं.

“तर रूढी मोडली. गाव आपल्या मर्जीनं बाहेर राहिलं असं होईल. सवलत गेली.”

“आणि समजा, कंपनीनंच कुणाला फसवून हे घडवलं असेल तर?”

इंगळ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तोंडी बोलण्याला पुरावा काय? तुमच्या कानवेलीत पावलं येतात, शब्द येत नाहीत. साक्षीला उभा राहणार तो माणूस, ज्यानं देवाच्या नावावर खोटं सांगितलं. कोर्टात आठ वर्षं जातील, आणि सुरुंग आठ महिन्यांत लागतील.” मग ते म्हणाले, “मी तुम्हाला काही विचारत नाही मॅडम.”

म्हणजे असं होतं. खरं बोलले तर तळी जाणार. तळी ठेवायची तर बापाचं खोटं माझ्या तोंडाने, सहीनिशी आणि शपथेवर पुन्हा सांगायचं. ज्याने मला फसवलं त्याच्याच शेजारी जाऊन उभं राहायचं. बाबा खोटं बोलत नाहीत यावर मी चाळीस वर्षं चालले होते, आणि आता माझी पाळी आली होती.

सुनावणीच्या दिवशी प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात बर्वे भेटले. केस पांढरे झाले होते. माझ्याशी बोलताना अजूनही तोच मास्तरी जिव्हाळा.

“रसिका, कानवेलीची नोंद दे. मी आत ती मागणारच आहे, पण तू स्वतःहून दिलीस तर बरं दिसेल. जमीन खोटं बोलत नाही, हे तूच म्हणायचीस ना?”

“सर, तळ्याला अस्तर घालणार हे तुम्ही बाबांना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस माझ्या खरेपणाच्या भरवशावर आला आहे. आमच्या घरात जेवताना त्याने तेवढं बरोबर हेरलं होतं. बापाच्या भाबडेपणावर त्याने सात दिवस मिळवले आणि लेकीच्या सचोटीवर त्याला सडा हवा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या व्हरांड्यात उभ्याने अनुभवलं.

आत प्रांत मॅडम समोर बसल्या होत्या. मागे बाकांवर कोंडशीळचे साठेक लोक, धुतलेल्या कपड्यांत. बाबा दुसऱ्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते पहाटेच्या एसटीने आधीच येऊन बसले होते.

बर्वेंनी शांतपणे मांडलं. कौल घेतला गेला का, याबद्दल शंका आहे. ग्रामपंचायतीकडे कानवेलीची अखंड नोंद आहे. तिच्यात गुरव देवळापर्यंत गेले की नाही, ते सेकंदासह दिसेल. ती मागवावी.

प्रांत मॅडमनी मला शपथ दिली. “सरपंचबाई, कौल घेतला होता का?”

“घेतला होता.”

“तीनही दिवशी?”

“तीनही दिवशी.”

“आणि ती नोंद?”

“गावपळणीत कानवेल बंद असते. गाव देवासाठी मोकळं सोडतो. तेव्हा तिथं कुणी ऐकायचं नसतं.”

बर्वे उठले. “मॅडम, ही केबल आठ वर्षांत एक दिवससुद्धा बंद नव्हती. मी स्वतः बसवली आहे.”

मागच्या बाकावरून दाजी नवले उभे राहिले. कानवेल दरवर्षी चालू असते हे दाजींना पक्कं माहीत होतं. तिचं बॅटरीचं कपाट त्यांच्याच पडवीत आहे. ते म्हणाले, “बंदच असता ती. देवाचे दिस ते.” आणि त्यांच्यामागे साठ माणसांनी एकेक करून मान हलवली. मी काय झाकतेय हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मी त्यांच्यासाठी वेशीवरून मागे फिरले होते, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात काठी वाजली. बाबा उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि प्रांत मॅडमकडे नाही, वर कुठेतरी बघत ते म्हणाले, “बाईसाहेब, माका कायतरी सांगूचा आसा.”

मला कळलं ते काय सांगणार आहेत. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं होतं. बर्वेंच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली, आणि मी बोलून गेले, “मॅडम, माझ्या वडिलांना नीट ऐकू येत नाही. वय झालंय. बाबा, तुमी बसा.”

बाबांना बारीक पावसाचा पहिला थेंब ऐकू येतो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग बसले.

निकाल आमच्या बाजूने लागला. नोटीस पुन्हा लागली, आणि पहिल्याच सकाळी ग्रामसभा भरवून, म्हाताऱ्यांना पुढच्या रांगेत बसवून, अस्तर म्हणजे काय ते ताडपत्री अंथरून वर पाणी ओतून दाखवलं. पाणी ताडपत्रीवर उभं राहिलं, खालची माती कोरडी. पाचशे बारा विरुद्ध सात अशी हरकत नोंदवली गेली. कंपनीने पुढे आराखडा बदलला आणि दोन डोंगर पलीकडे, जिथलं पाणी मुळात कुणी पीत नाही अशी दगडखाण निवडली. जे आधीच करता आलं असतं. बर्वे तिथे आहेत की नाहीत, मी चौकशी केली नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशीच मी त्या सात दिवसांची नोंद पुसून टाकली होती. पुढच्या ग्रामसभेत मी दुसरा ठराव मांडला, की गावपळणीचे दिवस कानवेल बंद ठेवावी. माझं खोटं मला मागच्या तारखेने तरी खरं करायचं होतं. ठराव एकमताने झाला. दाजींनी अनुमोदन दिलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

सुनावणीहून परतताना एसटीत बाबा माझ्या शेजारी बसले होते. घाटपायथ्याचं वळण आलं.

मी म्हटलं, “तळी ऱ्हवली, बाबा.”

“ऱ्हवली,” ते म्हणाले. “बरा झाला.” मग म्हणाले, “माका थंय खरा बोलूचा होता, रसू. मी रातभर ताच घोकीत होतंय. एकदा बोल्लो असतंय तर देवळात जावक तोंड उरला असता. तू माजा तोंड धरलंस.”

“बोल्ला असतात तर तळी गेली असती.”

“म्हायत आसा माका. म्हणान तर बसलंय.”

त्यांनी मला फसवलं होतं, आणि त्याची परतफेड करायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. तीही मी काढून घेतली. गावाला पाणी मिळालं, मला शाबासकी मिळाली, आणि आमच्या घरात तेव्हापासून दोन माणसं एकमेकांना काही विचारत नाहीत. जेवताना भाजी कशी झालीय एवढंच बोलतो.

यंदा पौषात पुन्हा गावपळण आली. दाजींनी कपाट उघडून कानवेलीचा खटका पाडला. गाव माळावर गेलं, भजनं झाली, दाजी पत्त्यांत हरले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंघोळ करून सोवळं नेसलं आणि वेशीपाशी आले. मी तिथेच होते. ते माझ्यापाशी थांबले.

“येतंस माज्यावांगडा?” त्यांनी हळूच विचारलं. “तुज्या डोळ्यांनी बघ.”

गुरवाखेरीज कुणी वेस ओलांडायची नसते, हे मला विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सगळं गाव मागे बसलं होतं.

“नको,” मी म्हटलं. “तुमी जावा.”

ते गेले. उजवा पाय, काठी, डावा पाय. वाट फुटते त्या कुंभ्यापर्यंत मला ते दिसत होते. तिथून पुढे झाड आड येतं. आवाज थांबल्यासारखा वाटला, पण वाराही होता, आणि माझे कान काही कानवेल नव्हेत.

तासाभराने ते परत आले. कपाळावर घाम होता. सगळं गाव उठून उभं राहिलं.

“कौल दिल्यान,” बाबा म्हणाले. “चला घराक.”

बायांनी टोपल्या उचलल्या, पोरांनी गुरं वळवली. मी माझी चप्पल शोधली, ती पायात घातली आणि सगळ्यांच्या मागून गावात शिरले.